दैवाचं नाव-गाव

५ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेतली महिला हॉकीची उपांत्य लढत. भारत आणि ऑस्ट्रेलिया १-१ असे बरोबरीत राहिले आणि निकाल शूटआउटवर आला. शूटआउटमध्ये खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते, समोर एकटी गोलरक्षक असते आणि गोल करायला आठ सेकंद मिळतात. ऑस्ट्रेलियाची ॲम्ब्रोशिया मलोन निघाली. भारताची गोलरक्षक सविता पूनियाने तिचा प्रयत्न हाणून पाडला. भारतीय मुलींचा जल्लोष सुरू होतोय न होतोय तोच कळलं की आठ सेकंदांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं, सबब प्रयत्न पुन्हा. या खेपेला मलोनने गोल केला. त्यानंतर लालरेमसियामी, नेहा आणि नवनीत या तिघीही हुकल्या आणि शूटआउट ३-० ने गेला. प्रेक्षकांनी हुर्यो केली. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने नंतर चूक कबूल करून दिलगिरी व्यक्त केली. निकाल अर्थातच तसाच राहिला.

अशा वेळी आपल्याकडे पहिला शब्द येतो तो नशीब. ‘नशिबातच नव्हतं’ म्हटलं की विषय संपतो. पण त्या दिवशीच्या प्रकारात ना ग्रह होते ना साडेसाती. घड्याळ तयार व्हायच्या आत कुणीतरी शूटआउट सुरू करून दिला होता, इतकंच. म्हणजे या दैवाच्या गळ्यात स्पर्धेचं ओळखपत्र होतं. मग त्याला दैव म्हणायचं का? आणि म्हणायचं नसेल, तर हरणाऱ्याच्या ‘माझं नशीब’ला आणि जिंकणाऱ्याच्या ‘माझी मेहनत’ला नेमका किती अर्थ उरतो?

महिला हॉकी, मग ती मैदानावरची असो की बर्फावरची, हा प्रश्न फार उघड्यावर मांडते. पुरुषांच्या मोठ्या खेळांत पैसा, प्रायोजक आणि परंपरा यांचे थर इतके जाड झालेत की एखादा जिंकला तो कशामुळे, हे खरवडूनही दिसत नाही. बायकांच्या खेळात थर पातळ आहे. कुणी मैदान दिलं, कुणी नाकारलं, कुणी ऐनवेळी बोलावलं, कुणी घरी बसवलं, हे सगळं वरच दिसतं.

तसा प्रश्न जुनाच. महाभारताच्या अनुशासनपर्वात शरशय्येवर पडलेल्या भीष्मांना युधिष्ठिर हेच विचारतो: दैव श्रेष्ठ की पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न? भीष्म उत्तरादाखल वसिष्ठ आणि ब्रह्मदेवांचा संवाद सांगतात. पुरुषकार म्हणजे शेत, दैव म्हणजे बी. शेताशिवाय बी वाया आणि दोन्ही मिळाल्याशिवाय पीक नाही. उत्तर मोठं समंजस आहे, पण लढाई संपल्यानंतरचं आहे, आणि त्यात कुणाला फारसं दुखत नाही. योगवासिष्ठातले वसिष्ठ त्याहून कडक. दैव म्हणून वेगळं काही नसतंच, असं ते रामाला बजावतात. आपणच पूर्वी केलेला प्रयत्न आज दैव होऊन समोर उभा राहतो. जुना आणि नवा प्रयत्न दोन मेंढ्यांसारखे एकमेकांना टकरा देतात आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. महाराष्ट्रात समर्थ रामदासांनी दासबोधात यत्नाची बाजू अशीच ठासून मांडली आणि करंटेपणाला आळसाच्या पंगतीला बसवलं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हिशेब आणखी बारीक होतो. कोणत्याही कर्माला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. या पाचव्याचा अर्थ शंकराचार्यांनी लावला तो पाहण्यासारखा आहे. डोळ्याला पाहायला मदत करणारा सूर्य आणि तशाच इतर इंद्रियांच्या पाठीशी असलेल्या देवता, हे त्यांच्या लेखी दैव. आपल्या बोलण्यातल्या नशिबाशी याचा संबंध फार दूरचा. डोळा माझा, पाहणारा मी, पण उजेड माझा नव्हे. तो असला तरच दिसणार. गीता पुढे हेही सांगते की हे पाचही सोडून जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला काही दिसतच नाही. खेळाडूंच्या मुलाखती ऐकताना हा अध्याय आठवायला हरकत नाही. खेळमंत्र्यांच्या भाषणांच्या वेळी तर अवश्य आठवावा.

आता हे सगळं घेऊन १९८० च्या मॉस्कोला जायला हवं. या प्रश्नाची त्याहून चोख परीक्षा खेळाच्या इतिहासात सापडणं कठीण.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ पासून होती. बायकांची पहिल्यांदा आली ती मॉस्कोत. सहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, सर्वाधिक गुणांना सुवर्ण. पण १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी बहिष्काराची हाक दिली आणि पात्र ठरलेले बहुतेक हॉकी संघ गळाले. जगज्जेत्या नेदरलँड्सची गोष्ट तर मजेशीर: देशाचे इतर काही खेळाडू मॉस्कोला गेले, हॉकी संघ मात्र घरीच राहिला. संयोजक मिळेल तिथून संघ गोळा करू लागले. स्पर्धेला महिना-सव्वा महिना उरला असताना एक आमंत्रण नुकत्याच जन्मलेल्या झिम्बाब्वेला गेलं. देश स्वतंत्र झाला होता १८ एप्रिल १९८० ला. घाईघाईने संघ निवडला गेला. या मुली तोवर कधी कृत्रिम हिरवळीवर खेळल्या नव्हत्या. मॉस्कोतलं मैदान नेमकं त्याच प्रकारचं; त्याला चालतील असे बूटही तिथे पोहोचल्यावर मिळवावे लागले.

मग या संघाने पोलंडला ४-० हरवलं. चेकोस्लोव्हाकियाशी २-२, यजमान सोव्हिएत संघावर २-० ने मात, भारताशी १-१ आणि शेवटी ऑस्ट्रियावर ४-१. आठ गुण, एकही पराभव नाही, सुवर्णपदक. कर्णधार ॲन ग्रँट ही पुढे भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षक झालेल्या डंकन फ्लेचर यांची बहीण. मायदेशी मोठं कौतुक झालं. प्रत्येकीला एकेक बैल बक्षीस मिळणार असं जाहीर झालं होतं. हातात पडलं ते मांसाचं पाकीट. झिम्बाब्वेला पुढचं ऑलिंपिक सुवर्ण मिळायला २००४ साल उजाडावं लागलं. ते मिळवणारी जलतरणपटू कर्स्टी कोव्हेंट्री आज आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अध्यक्ष आहे.

हे पदक त्यांच्या लायकीचं होतं का? ‘चांगले संघ आलेच नाहीत’ हा पहिला आक्षेप, आणि तो खोडता येत नाही. पण तो टिकवायचा तर मग सगळीकडे टिकवावा लागतो. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये सोव्हिएत गट घरी बसला आणि नेदरलँड्सच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं. त्या पदकापुढे तारा काढून तळटीप लिहिण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही. गैरहजर संघांत त्यांना हरवेल असा कुणी होता की नव्हता, हा वेगळा मुद्दा. नेदरलँड्स तेव्हा जगात भारी होतंच. पण मग लायकी ठरते ती मैदानावर की आपण आधीच करून ठेवलेल्या यादीवर?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो या सुवर्णकथेच्या गोड आवृत्त्यांमध्ये नेमका गाळला जातो. झिम्बाब्वेच्या त्या संघातली एकूण एक खेळाडू गोरी होती. देश होता बहुसंख्य काळ्यांचा. त्याआधीच्या ऱ्होडेशियात गोऱ्यांच्या शाळांना मैदानं होती, प्रशिक्षक होते, हॉकीच्या काठ्या होत्या. काळ्या मुलींच्या वाट्याला त्यातलं जवळजवळ काही नव्हतं. त्याच गोऱ्या सत्तेपायी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधून ऱ्होडेशियाला ऐनवेळी वगळण्यात आलं होतं. म्हणजे राजकारणाने या खेळाडूंच्या आधीच्या पिढीला दाराबाहेर ठेवलं आणि आठ वर्षांनी राजकारणानेच यांना हात धरून आत नेलं. मधल्या काळात दार उघडण्यासाठी जे लढले, जे मेले, त्यांच्या मुली संघात नव्हत्या. या मुलींनी घाम गाळला यात शंका नाही. पण स्वातंत्र्याचा तो उजेड पेटवला दुसऱ्यांनीच.

इथे योगवासिष्ठाचा सिद्धांत अर्धा पटतो आणि अर्धा अडकतो. आज जे दैव दिसतं ते कालचं पौरुष आहे, हे अगदी खरं. मॉस्कोत आकाशातून काही पडलं नव्हतं. कार्टर यांचा निर्णय, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या फौजा, ऱ्होडेशियाचे कायदे, स्वातंत्र्याचा लढा, संयोजकांची धावपळ: सगळी माणसांचीच करणी. पण ते पौरुष ज्याचं त्याचं स्वतःचं असतं, हे कशावरून? वसिष्ठांच्या दोन मेंढ्यांपैकी एक नेहमी आपलाच असेल असं नाही. बहुतेक वेळा तो शेजाऱ्याचा असतो, सरकारचा असतो, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी सोडलेला असतो. आणि तो ‘तुझाच’ म्हणून गळ्यात मारण्यात फार मोठी सोय आहे. काळ्या मुलीला मैदान मिळालं नाही हे तिच्या पूर्वकर्माचं फळ ठरवलं, की मैदानाला कुंपण घालणारा सुटला.

ही सोय आपल्याकडे किती जवळची आहे याची आठवण टोकियो ऑलिंपिकने करून दिली. वंदना कटारियाने ३१ जुलै २०२१ ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. मे महिन्यात तिचे वडील वारले होते आणि सरावामुळे ती घरी जाऊ शकली नव्हती. ४ ऑगस्टला भारत उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून १-२ ने हरला. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर फटाके फुटले. कुटुंबाने पोलिसांत दिलेल्या तक्रारीनुसार जातीवरून शिवीगाळ झाली आणि संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असंही सुनावण्यात आलं. पोलिसांनी अटकाही केल्या. लायकी जन्मावरून मोजणाऱ्यांना तिचे तीन गोल दिसलेच नाहीत. पूर्वकर्माचा सिद्धांत हवेत राहिला तर सुंदर आहे. गल्लीत उतरला की त्याचे फटाके होतात.

टोकियोतच दैवाचा आणखी एक खेळ झाला, आणि तो तपशिलाने सांगण्यासारखा आहे. भारताच्या मुली पहिले तीन सामने हरल्या होत्या: नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४. मग आयर्लंडवर १-० असा विजय, तोही सामना संपायला तीन मिनिटं उरली असताना नवनीतच्या गोलाने. मग वंदनाचा तो दक्षिण आफ्रिकेचा सामना, ४-३. एवढं करूनही उपांत्यपूर्व फेरी आपल्या हातात नव्हती. त्याच दिवशी आयर्लंडने ब्रिटनला हरवलं असतं तर भारत बाहेर. ब्रिटन २-० ने जिंकलं. दोन दिवसांनी भारताने, गटातले पाचही सामने जिंकून आलेल्या ऑस्ट्रेलियाला गुरजित कौरच्या एका पेनल्टी कॉर्नरवर १-० असं घरी पाठवलं. ६ ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात समोर होतं तेच ब्रिटन. ०-२ अशा पिछाडीवरून भारताने मध्यंतरापर्यंत ३-२ अशी आघाडी घेतली आणि शेवटी ३-४ ने पदक गमावलं. ज्यांनी आत घेतलं त्यांनीच उंबऱ्यावरून परत पाठवलं. ब्रिटनच्या मुली ना भारतावर उपकार करायला खेळल्या ना सूड उगवायला. दोन्ही वेळा त्या स्वतःसाठी खेळल्या, आणि त्यांचं पौरुष एकदा आपलं सुदैव झालं, एकदा दुर्दैव.

चौथा क्रमांक भारताला १९८० लाही मिळाला होता, याची आठवण टोकियोच्या वेळी बऱ्याच जणांनी काढली. त्या संघाची कर्णधार रूपा सैनी. संघात पुण्याच्या एलायझा नेल्सन होत्या, रेखा मुंडफण होत्या. नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण आलं. मॉस्कोतली गुणतालिका उघडून बसलं की मात्र जीव चुटपुटतो. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. भारताचे पाच झाले, तिसऱ्या आलेल्या सोव्हिएत संघाचे सहा. आपसातला सामना भारत १-३ ने हरला. तो नुसता बरोबरीत सुटला असता तरी भारताचे सहा आणि त्यांचे पाच झाले असते, आणि बायकांच्या हॉकीतलं पहिलंवहिलं ऑलिंपिक कांस्य भारताच्या कपाटात असतं. ते पदक मिळालं असतं, तर ‘चांगले संघ आलेच नाहीत’ हा आक्षेप आपण किती उत्साहाने घेतला असता, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ या विषयावर जोडीने निबंध वाचले. नेगल यांचा मुद्दा साधा पण अस्वस्थ करणारा: आपण माणसाला श्रेय आणि दोष देतो ते त्याच्या हातात असलेल्या गोष्टींबद्दल, असं आपण समजतो, पण हातात नसलेलं एकेक वजा करत गेलं तर हातात काही उरतच नाही. स्वभाव, परिस्थिती, परिणाम, सगळं गळतं. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या ग्रंथात आणखी पुढची पायरी गाठली होती: अंगचे गुणसुद्धा कुणी कमावलेले नसतात. दोघांशीही वाद घालता येतो. पण दोघांच्याही लिखाणात एक उणीव जाणवते. ते नशिबाला फार एकजिनसी समजतात. जन्मजात चपळाई, समोरच्याचा बहिष्कार आणि सुरूच न झालेलं घड्याळ या तिन्ही गोष्टी खेळाडूच्या हातात नाहीत हे खरं, पण पहिलीबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही, उरलेल्या दोन्हींबद्दल येतो.

तरी निखळ दैव नसतंच, असं म्हणायला जावं तर सोची आडवं येतं. २० फेब्रुवारी २०१४, हिवाळी ऑलिंपिकची महिला आइस हॉकी अंतिम लढत. अमेरिका कॅनडाविरुद्ध २-० ने पुढे. साडेतीन मिनिटं उरली असताना कॅनडाने एक गोल फेडला, आणि मग शेवटचा जुगार म्हणून गोलरक्षकाला बाहेर काढून सहावी हल्लेखोर बर्फावर उतरवली. गोलपोस्ट सताड मोकळा. अमेरिकेच्या केली स्टॅकने आपल्या बाजूने पक बाहेर ढकलला. तो जवळपास सगळा रिंक पार करत, संथपणे, त्या रिकाम्या गोलच्या दिशेने घरंगळत गेला, आणि खांबावर आदळून बाहेर राहिला. दोन बोटं इकडे असता तर सामना तिथेच संपला होता. ५४.६ सेकंद उरले असताना मेरी-फिलिप पुलँने बरोबरी साधली आणि जादा वेळेत तिनेच विजयी गोल केला. ३-२.

त्या खांबामागे ना महासंघ होता ना सरकार. खांब जागेवर होता आणि पक त्याच्या वाटेने गेला. याला दैव म्हणायला कुणाची हरकत नसावी. पण असं दैव शोधायला किती खाली खरवडावं लागतं, तेही लक्षात घ्यावं. आणि खांबाने फक्त दार बंद व्हायचं थांबवलं. पुलँने चार वर्षांपूर्वी व्हँकुव्हरच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल केले होते, ती त्या क्षणी योगायोगाने तिथे उभी नव्हती.

अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक महिला हॉकी लीगने तर, कळत नकळत, नशिबाचा हिशेब नियमातच लिहून टाकला आहे. जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनिशी सुरू झालेल्या या लीगमध्ये साखळीत पहिल्या आलेल्या संघाला बाद फेरीतला आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडता येतो. पहिल्या हंगामात टोरोंटो अव्वल आलं. मिनेसोटाने शेवटचे पाच सामने ओळीने गमावले होते; ओटावा शेवटच्या दिवशी हरलं म्हणून जेमतेम चौथी जागा मिळाली, आणि ओटावाला हरवलं कुणी? टोरोंटोनेच. मग टोरोंटोने प्रतिस्पर्धी म्हणून निवडलं तेही मिनेसोटाला. पहिले दोन सामने टोरोंटोने जिंकले. तिसऱ्यात त्यांची सर्वाधिक गोल करणारी नॅटली स्पूनर गुडघ्याला जबर दुखापत होऊन बाहेर गेली. पुढचे तीनही सामने मिनेसोटाने खिशात घातले. अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध चौथ्या सामन्यात, दुसऱ्या जादा सत्रात, सोफी जॅक्सने गोल करून चषक जिंकल्याचा जल्लोषही झाला. हातमोजे, हेल्मेटं बर्फावर उधळली. मग पुनरावलोकनात गोलरक्षकाला अडथळा झाल्याचं कारण देऊन तो गोल रद्द झाला, आणि मिनिटभरात बॉस्टनने गोल ठोकला. उधळलेले हातमोजे गोळा करून पुन्हा खेळायला उभं राहण्याइतकी वाईट परीक्षा क्वचितच कुणाची झाली असेल. तीन दिवसांनी मिनेसोटाने पाचवा सामना ३-० ने जिंकून पहिला वॉल्टर चषक उचलला.

या गोष्टीत टोरोंटोच्या तोंडी ‘नशीब’ शोभत नाही. समोर कोण हवं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. हा नियम म्हणूनच तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावा इतका चांगला आहे. वेळापत्रकाने जे आपोआप व्हायचं ते त्याने कुणाच्या तरी सहीखाली आणलं. याच लीगमध्ये बाद फेरीची आशा संपलेल्या संघांसाठी आणखी एक युक्ती आहे: पुढच्या वर्षी नवी खेळाडू सर्वात आधी निवडायचा हक्क तळाला राहून मिळत नाही, आशा संपल्यानंतर जो जास्त गुण मिळवेल त्याला मिळतो. मुद्दाम हरून नशीब उजळण्याची वाटच बंद.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे २०१८ चं प्योंगचांग. दक्षिण कोरियाच्या महिला आइस हॉकी संघाची यजमान म्हणून ऑलिंपिकसाठी तयारी चालली होती. स्पर्धेला महिनाही उरला नसताना दोन्ही कोरियांच्या सरकारांनी संयुक्त संघ ठरवला. २३ दक्षिणेच्या खेळाडूंत उत्तरेच्या १२ घातल्या गेल्या आणि प्रत्येक सामन्यात उत्तरेच्या किमान तिघी उतरवायच्या, अशी अट आली. सामन्याला संघात जागा असतात २२. म्हणजे दर सामन्यात दक्षिणेतल्या काही जणींनी गणवेश न चढवता बसायचं. तरुण कोरियनांनी यावर जोरदार आवाज उठवला. पंतप्रधान ली नाक-योन यांनी संघ तसाही पदकाच्या शर्यतीत नाही, अशा अर्थाचं वक्तव्य केलं आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. पहिल्या सामन्यात स्वित्झर्लंडकडून ०-८ असा पराभव झाला. संघाचा पहिला गोल आला जपानविरुद्ध, रँडी हीसू ग्रिफिनच्या काठीवरून.

शांततेसाठी एखादीने आपली जागा सोडावी, हा युक्तिवाद हलका नाही. धर्मग्रंथांत तर त्याची परंपराच आहे. पण त्याग करणारा आणि त्याग ठरवणारा एकच असेल तर त्याला त्याग म्हणतात. इथे ठरवणारे मंत्रालयात होते आणि बसणाऱ्या बाकावर. पुढे त्या मुलींची आपसात चांगली गट्टी जमली, निरोपाच्या वेळी रडारड झाली, हेही खरं. मोठेपणा त्या मुलींचा. तो त्यांच्याकडून परस्पर वसूल करणाऱ्यांच्या खात्यावर मांडू नये.

भारतात बर्फावरची हॉकी म्हणजे मुख्यतः लडाख, आणि थोडं हिमाचलातलं स्पिती. लेहमध्ये कारझूसारख्या ठिकाणी थंडीत पाणी गोठवून रिंक तयार होतं आणि वर्षातून जेमतेम दोनेक महिने टिकतं. राष्ट्रीय महिला संघात बौद्ध आणि मुसलमान, दोन्ही घरांतल्या मुली आहेत. बौद्ध विचारात कोणतीही गोष्ट एकट्याने उभी राहत नाही, असंख्य हेतू आणि प्रत्यय, म्हणजे कारणं आणि त्यांना पूरक परिस्थिती, एकत्र आले की ती घडते. दैव नावाचा वेगळा मालक मानायची गरज तिथे पडत नाही. लडाखच्या मुलींच्या हॉकीचे हेतू-प्रत्यय मोजायचे तर थंडी, उंची, जुने स्केट्स, २०१६ ला परदेशी स्पर्धेला जाण्यासाठी लोकवर्गणीतून जमवलेले पैसे आणि कॅनडाची ऑलिंपिक विजेती हेली विकेनहायझर २०१८ मध्ये लेहला येऊन शिकवून गेली तो मुक्काम, असं बरंच काही निघेल. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ हरवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला. २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्य मिळालं, भारतीय महिलांचं पहिलं पदक.

याच काळात देशात प्रमाणित मापाचं, बारमाही चालू शकेल असं एक बंदिस्त रिंक होतं. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी ते बांधलं गेलं, आणि स्पर्धा झाल्यावर विजेचा आणि देखभालीचा खर्च परवडत नाही म्हणून वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं. ते पुन्हा सुरू झालं २०२५ मध्ये. २०११ साली लेहमध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी तोवर चोवीस वर्षांची झाली होती.